गाठीमागे रुपया

प्रस्तावना

१९२० साली मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. गाठ वऱ्हाडातली असो, खानदेशातली असो, गुजरातेतली असो की निजामाच्या मुलखातून मनमाडमार्गे आलेली असो. शहराच्या हद्दीत शिरली की रुपया मोजायचा. त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना मुंबईचा कायापालट करायचा होता. समुद्र हटवून जमीन काढायची होती आणि गिरणगावातल्या कोंदट खोल्यांतून कामगारांना बाहेर काढून पक्क्या चाळींत न्यायचे होते. त्यासाठी नवे खाते निघाले, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींनी त्या खात्याची तीन अक्षरे आजतागायत जपली आहेत. चाळींचा खर्च भाड्यातून निघणार नव्हता, हे हिशेबनिसांना पहिल्यापासून ठाऊक होते. ती तूट भरून काढायला कापसाचा रुपया होता.

चाळींवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. तिथले गणपती, तिथल्या व्यायामशाळा, तिथली नाटकवेडी पोरे, तिथले संप आणि तिथल्या दंगली यांच्या आठवणींना तोटा नाही. रुपयावर मात्र जवळजवळ काहीच लिहिलेले सापडत नाही. हे पुस्तक त्या रुपयाचे आहे. तो कुणी ठरवला, कुणी वसूल केला, कशावर खर्च केला आणि, सगळ्यात अवघड, तो शेवटी कुणाच्या खिशातून गेला, याचा माग पुढच्या प्रकरणांत काढला आहे.

या रुपयाला मी निर्यातकर म्हणतो. काही वाचक लगेच हरकत घेतील की मुंबईचा हा कर शहरात येणाऱ्या मालावर होता, मग त्याला निर्यातकर कसे म्हणायचे? कायद्याच्या भाषेत हरकत बरोबर आहे. तो नगरशुल्काचाच प्रकार होता आणि गिरण्यांत कातल्या जाणाऱ्या कापसावरही तो बसत होता. पण मुंबईत उतरणाऱ्या कापसाचा मोठा भाग बोटीत चढायचा. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. ओसाकाच्या गिरण्या आखूड धाग्याचा आपला कापूस अमेरिकन कापसात मिसळून कातायच्या. म्हणजे नाव काहीही असले, तरी निर्यातीच्या वाटेवर उभा राहून घेतलेला हा कर होता.

ही कल्पना लॉइडसाहेबांच्या डोक्यातून कोरी करकरीत निघालेली नव्हती. तिचे मूळ कलकत्त्यात आहे. १९११ च्या कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ॲक्टने त्या शहरासाठी स्वतंत्र ट्रस्ट नेमला आणि १९१२ पासून तो कामाला लागला. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे, तळी आणि बागा करायच्या. ट्रस्टला पैसा चार वाटांनी मिळायचा, त्यांतली एक ताग. कलकत्त्याहून जहाजाने बाहेर जाणाऱ्या कच्च्या तागाच्या ४०० पौंडी गाठीवर दोन आणे. आज चित्तरंजन अव्हेन्यूवरून किंवा दक्षिणेकडच्या रवींद्र सरोवराच्या काठाने फिरणाऱ्याला मैमनसिंगच्या चिखलात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ताग सोलणारा शेतकरी आठवण्याचे काही कारण नाही. पण त्या रस्त्यांत त्याचे दोन आणे आहेत.

बंगाल सरकारकडे या दोन आण्यांचे समर्थन तयार होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते. ताग जगात दुसरीकडे फारसा पिकतच नव्हता. धान्य, साखर, लोकर, कॉफी, जगाला जे काही पोत्यात भरायचे होते त्याला बंगालचे गोणपाट लागायचे. ज्याच्या हातात मक्तेदारी त्याने लावलेला कर गिऱ्हाईक भरते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते. स्कॉटलंडातल्या डंडीच्या गिरणीवाल्याला दोन आणे जास्त द्यायचे नसतील तर तो जाणार कुठे? हे मत सगळ्यांना पटले नाही, पूर्व बंगालातल्या पुढाऱ्यांना तर मुळीच नाही. पण वाद घालण्याइतके बळ त्यात होते.

मुंबईने तागाचा हा नमुना उचलला आणि तो कापसाला लावला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. कापूस म्हणजे ताग नव्हे. जगातला निम्म्याहून अधिक कापूस अमेरिका पिकवत होती, भाव लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कला ठरत होता, आणि मुंबईच्या गाठीला त्या भावाच्या मागे फरफटत जावे लागायचे. मुंबईने रुपया लावला म्हणून ओसाकाचा खरेदीदार रुपया वाढवून देणार नव्हता. मग तो रुपया कुठे जायचा? मागे जायचा. निर्यातदाराकडून अडत्याकडे, अडत्याकडून जिनवाल्याकडे, जिनवाल्याकडून शेतकऱ्याकडे. शेतकऱ्याच्या मागे कुणी नव्हते. म्हणून तो तिथे थांबला.

हे कसे घडायचे ते जालन्याच्या किंवा सेलूच्या बाजारात बसून पाहायला हवे. मुंबईचा भाव तारेने यायचा, खंडीचा. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची आणि प्रेस केलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे खंडीला बरोबर दोन गाठी. ही खंडी अजून मेलेली नाही. आजही रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीतच बोलला जातो, आणि ३५६ हा विचित्र आकडा कुठून आला असे नव्या पोरांना विचारले तर ती खांदे उडवतात. ते त्याच ७८४ पौंडांचे किलो आहेत. तर तारेने भाव आला की आडतीवरचा मुनीम वजाबाकीला बसायचा. खंडीच्या भावातून दोन गाठींचे रेल्वेभाडे वजा. मनमाडला छोट्या रुळाच्या डब्यातून मोठ्या रुळाच्या डब्यात माल चढवण्याची हमाली वजा. विमा वजा. मुंबईच्या आडतीची दलाली वजा. निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, वजा. मुंबई शहराचे दोन रुपये वजा. मग जिनिंग-प्रेसिंगची मजुरी, आपला नफा, आणि सरकीची किंमत मिळवून जे उरेल तो बैलगाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला सांगायचा भाव. त्या माणसाला यातली एकही ओळ दिसायची नाही. त्याला एकच आकडा ऐकू यायचा, तोही बऱ्याचदा रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला.

रुपया म्हणजे काय मोठी गोष्ट, असेही विचारता येईल. त्या काळच्या उताऱ्याने एक गाठ रुई म्हणजे चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीचे वर्षाचे पीक. म्हणजे एकरी तीन-चार आणे. एकट्या या कराने कुणी देशोधडीला लागला नाही, आणि तसे दाखवणारे लेखन मला खोटे वाटते. मुद्दा रकमेच्या आकाराचा कमी आणि तिच्या ठरीवपणाचा जास्त आहे. कर मोलावर नव्हता, गाठीवर होता. १९२० च्या तेजीत तो कुणाच्या लक्षातही आला नसेल. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचा भाव निम्म्याच्याही खाली गेला. रुपया मात्र रुपयाच राहिला. भाव पडला की अशा कराचा भार आपोआप दुप्पट होतो, आणि तो दुप्पट करण्यासाठी कुठल्याही सभेत ठराव मांडावा लागत नाही.

मुंबईची ही गोष्ट औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, क्रांती चौकात बसून का लिहायची, असा प्रश्न मित्रांनी विचारला. उत्तर मराठवाड्याच्या गाठीत आहे. तिला दोन सरकारांचे कर होते.

हैदराबाद संस्थानाची स्वतःची जकात होती. तिचे खाते करोडगिरीचे, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. माल बाहेरून आत आला तरी शेकडा साधारण पाच आणि आतून बाहेर गेला तरी तसेच. मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली पुरा झाला आणि औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, नांदेड या पट्ट्याला मुंबईचे दार उघडले. जिनिंगचे कारखाने याच रुळाच्या कडेने उभे राहिले. ज्वारीखालच्या जमिनी कापसाखाली गेल्या. मराठवाड्याची गावरानी रुई लांब धाग्यासाठी नावाजलेली होती आणि तिला मुंबईत बरा भाव मिळायचा. पण मुंबईला पोहोचेपर्यंत तिने निजामाला त्याच्या हाली शिक्क्यात कर दिलेला असायचा आणि मुंबईत शिरताना पुन्हा ब्रिटिश सरकारचा कलदार रुपया. शंभर कलदार म्हणजे सुमारे एकशे सोळा हाली. या बट्ट्यातही कुणीतरी दोन पैसे कमावतच असे.

निजामाच्या करोडगिरीचा पैसा शहरासाठी म्हणून वेगळा काढलेला नव्हता. तो सरळ दौलतीत जमा व्हायचा, आणि इथे कलकत्त्याशी तुलना थांबते. तरी दौलत खर्च कुठे झाली हे पाहिले की चित्र ओळखीचे वाटू लागते. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला, हैदराबादेत हजारो माणसे गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले, उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे झाली, आणि १९१२ साली सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड निघाले. कलकत्त्याचा ट्रस्ट आणि हैदराबादचे बोर्ड एकाच वर्षीची. बोर्डाने रस्ते रुंद केले, नदीकाठ बांधून काढला, गलिच्छ वस्त्या पाडून घरे बांधली. काम चांगले होते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण कापूस पिकवणाऱ्या सुभ्याचे मुख्य शहर जे औरंगाबाद, त्याच्या वाट्याला त्या तोलाचे काय आले हे शोधताना फार वेळ लागत नाही, कारण यादी फार लांब नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेल्या नहरींवर हे शहर विसाव्या शतकातही पाणी पीत होते.

करोडगिरीचा राग किती खोल होता याची साक्ष हैदराबाद मुक्तिसंग्रामात मिळते. १९४७-४८ साली सरहद्दीवरच्या छावण्यांतून जे तरुण संस्थानात शिरत, त्यांच्या पहिल्या लक्ष्यांत करोडगिरीचे नाके असत. पोलीस ठाण्याइतकाच नाकाही त्यांना सत्तेचा चेहरा वाटे. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘नाका जाळला’ हे एखाद्या पराक्रमासारखे येते. एरवी कराचा नाका जाळल्याचा अभिमान कुणी पिढ्यानपिढ्या सांगत नाही.

आणि क्रांती चौक. १८५७ साली औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले. पकडल्या गेलेल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला गेला तो काळा चबुतरा म्हणजे हीच जागा. चौकाला नाव मिळाले ते त्या आठवणीतून. आज तिथे शिवछत्रपतींचा उंच अश्वारूढ पुतळा आहे, खालून जालना रोड वाहतो, वरून उड्डाणपूल जातो. शहरातला कुठलाही मोर्चा इथूनच निघतो. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चाही इथूनच निघाला होता. कापसाच्या भावासाठी येणारी माणसेही इथेच उभी राहतात. फलकांवरच्या मागण्या वाचल्या की लक्षात येते, भांडण अजून त्याच वजाबाकीचे आहे. फक्त वजा होणाऱ्या रकमांची नावे बदलली आहेत.

चाळींकडे परत येतो, कारण रुपयाचे काय झाले हे सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. आराखडा होता ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, टोकाला सामाईक संडास, खोली १६० चौरस फुटांची. भिंतीही सिमेंट-काँक्रीटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. वरळी त्या वेळी गिरण्यांपासून लांब होती, बाजार नाही, दिवाबत्ती धड नाही. कामगाराला घर गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर हवे होते. त्याने वरळीकडे पाठ फिरवली आणि चाळींवर चाळी रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारला त्यांचा एक उपयोग सापडला, वरळीच्या चाळींचा तुरुंग करण्यात आला. वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याच्या गाठीने त्या भिंतींना पैसा पुरवला, त्याच्याच तालुक्यातला एखादा सत्याग्रही त्या भिंतींआड बसला असेल, हे अशक्य नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणूस मावेना, तेव्हा त्याच खोल्या भरल्या आणि मग कधी रिकाम्या झाल्या नाहीत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीची फसलेली योजना म्हणून बीडीडीला हिणवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या फसलेल्या योजनेने गिरणी कामगारांच्या, दलित आणि कोकणी-घाटी कुटुंबांच्या तीन-चार पिढ्यांना मुंबईत पाय रोवू दिला.

लॉइडसाहेबांच्या दुसऱ्या स्वप्नाची, बॅकबे भरणीची, गोष्ट इथे आवरती घेतो. ती जमीन विकून स्वतःचा खर्च भागवणार होती, कापसाच्या जिवावर नव्हती. तिच्यातली उधळपट्टी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली, हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९२८ साली नरिमन सुटले. पुढे बॅकबेच्याच भरणीवर नरिमन पॉइंट झाला. मुंबई आपल्या टीकाकारांना अशी बक्षिसे देते.

कापसाचा रुपया सुरू झाला त्याच सुमारास त्याच गाठीवर दुसराही एक कर बसला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. १९२३ चा इंडियन कॉटन सेस ॲक्ट. गाठीला सुरुवातीला चार आणे, मग दोन आणे. हा पैसा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीकडे जायचा आणि तिने तो कापसावरच खर्च करायचा, असे कायद्यातच लिहिलेले. इंदूरची वनस्पती संशोधन संस्था यातून उभी राहिली. माटुंग्याची धाग्याची प्रयोगशाळा १९२४ ला यातूनच निघाली आणि ती अजून चालू आहे. सुधारलेले बियाणे, भेसळीला आळा, धाग्याची परीक्षा, या कामांचे श्रेय त्या दोन आण्यांना द्यावे लागेल. आता गंमत पाहा. रुपया शहराला, दोन आणे पिकाला. आठास एक. शिवाय पिकासाठीच्या दोन आण्यांतलीही प्रयोगशाळा माटुंग्यालाच! तरीही फरक मोठा होता. कॉटन कमिटीवर व्यापारी आणि गिरणीवाल्यांबरोबर कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधी बसत. ते प्रतिनिधी बहुतेक बडे जमीनदार असत, हे खरे. पण रुपया कुठे जातो हे विचारायला त्या टेबलाशी शेतकऱ्यांच्या बाजूची एक खुर्ची होती. मुंबईच्या रुपयापाशी ती नव्हती. निजामाच्या करोडगिरीपाशी तर टेबलच नव्हते.

खुर्चीने काय होते हे पाहायचे तर दोन लांबची उदाहरणे पुरतील. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली तेव्हा दक्षिणेकडच्या मळेवाल्यांनी हट्टाने एक कलम घालून घेतले, निर्यातीवर कर लावण्याची केंद्राला कायमची मनाई. आपला माल बाहेर जातो, उद्या उत्तरेकडचे लोक त्यावर कर बसवून आपल्या बंदरांची सोय करतील, हे त्यांना आधीच दिसले होते. ते गुलामांचे मालक होते, त्यांच्याविषयी आदर बाळगण्याचे कारण नाही. पण ते सभेत होते आणि त्यांनी आपला कापूस, जो तेव्हा अजून मोठा व्हायचा होता, त्याचीही तरतूद करून ठेवली. दुसरे उदाहरण बंगालचे. १९१६ साली हिंदुस्थान सरकारने तागावर स्वतःचा निर्यातकर बसवला, गाठीला सव्वादोन रुपये, आणि पुढच्याच वर्षी तो दुप्पट केला. बंगालातले हिंदू-मुसलमान पुढारी एरवी कशावर एकत्र आले नसतील, पण ‘आमच्या तागाचा पैसा दिल्लीला का’ या प्रश्नावर ते वर्षानुवर्षे एका सुरात बोलले. १९३५ च्या कायद्याने निम्मा कर ताग पिकवणाऱ्या प्रांतांना देण्याचे कबूल केले, नीमायर अहवालाने तो वाटा साडेबासष्ट टक्क्यांवर नेला. आपल्या संविधानाचे २७३ वे कलम वाचा. तागावरील निर्यातकराच्या बदल्यात आसाम, बिहार, ओडिशा आणि पश्चिम बंगाल यांना अनुदान द्यावे असे त्यात लिहिलेले आहे. दहा वर्षांची मुदत केव्हाच संपली, कलम जागच्या जागी आहे. कापसाविषयी असे कलम नाही. कारण कापसाच्या बाजूने तसे सातत्याने बोलणारे कुणी नव्हते. मुंबईचे पुढारी मुंबईचे होते, त्यांत गिरणीमालकही होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मराठवाडा निजामाच्या मुलखात. कापसाचा मराठी शेतकरी तीन राज्यांत वाटलेला होता आणि कर एका बंदरावर होता.

पुस्तक इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर ते शहराविरुद्ध गावाची फिर्याद झाले असते, आणि मराठीत अशा फिर्यादी ढिगाने आहेत. त्यांतल्या पुष्कळ खऱ्याही आहेत. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत सात-आठ कोटी पौंडांचा कापसाचा पैसा ओतला गेला, तेव्हाचे गव्हर्नर फ्रिअरसाहेबांनी किल्ल्याच्या भिंती पाडल्या, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. हे सगळे कुठल्याही कराशिवाय झाले. बाजार स्वतःच शहराकडे पैसा वाहून नेत असतो, कर त्यात भर घालतो एवढेच. पण उलट वाहणारा एक पाटही महाराष्ट्राने काढला आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायचा होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून, म्हणजे मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांकडून पैसा घ्यायचा आणि तो गावाच्या बांधबंदिस्तीवर, रस्त्यांवर, पाझर तलावांवर राबणाऱ्या मजुराच्या हातात द्यायचा. वि. स. पागे यांच्या चिकाटीने ही योजना उभी राहिली. संविधानाने या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. म्हणूनच पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात. फेब्रुवारीतल्या त्या जादा शंभरावर कचेरीत दरवर्षी कुणीतरी कुरकुरतो. तो पैसा कशासाठी सुरू झाला हे त्याला बहुधा कुणी सांगितलेले नसते.

तेव्हा एका प्रदेशाकडून पैसा घेऊन दुसरीकडे लावणे हे मुळात पाप आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे नाही. शहरे लागतात. गिरणगावाशिवाय कापसाला गिऱ्हाईक नव्हते आणि बंदराशिवाय भाव नव्हता. प्लेगने १८९६ साली मुंबईला जो हिसका दिला, त्यानंतर वस्त्या सुधारणे टाळता येण्याजोगे नव्हतेच. म्हणणे एवढेच आहे की ज्याच्यावर भार बसतो त्याला तो दिसला पाहिजे आणि तो जिथे ठरतो तिथे त्याचा माणूस बसलेला असला पाहिजे. रोजगार हमीचा कर विधानसभेत, उघड चर्चेने, देणाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर बसला. गाठीचा रुपया ज्याने सोसला त्याला तो आपण सोसतो आहोत हेच कळले नाही. चांगल्या कामासाठी आडमार्गाने घेतलेल्या कराला मी वाईट कर म्हणतो, आणि चाळीत राहून शिकलेल्या पिढ्यांच्या भल्याकडे पाहूनही हे मत बदलत नाही.

आज निर्यातीच्या गाठीवर असा नगरकर नाही. बाजार समितीचा सेस आहे, रुईवर पाच टक्के जीएसटी आहे, आणि खरा खेळ आयातीच्या बाजूला गेला आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के कर बसवला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आमच्याकडची बोंडे फुटायच्या तोंडावर, तो वर्षअखेरपर्यंत उठवला गेला. शहरातल्या गिरण्यांना आणि तिरुपूरच्या कपडेवाल्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू. भाव पडला की त्याचा भार कुठे जाऊन थांबतो, हे वर सांगून झाले आहे.

पुस्तकाची मांडणी सरळ काळाच्या क्रमाने केलेली नाही. जालन्याच्या आडतीपासून सुरुवात केली आहे आणि गाठीबरोबर मनमाड, कॉटन ग्रीन, शिवडी असा प्रवास करत वरळीला पोहोचलो आहे. कलकत्ता आणि हैदराबाद मध्ये येतात. करविषयक कायद्यांची चर्चा ज्यांना कंटाळवाणी वाटेल त्यांनी ती प्रकरणे खुशाल ओलांडावीत, गोष्ट तुटणार नाही. मुनिमाच्या वजाबाकीचे प्रकरण मात्र ओलांडू नये.

एक विनंती करून थांबतो. सरकारी कागद सरकारची बाजू सांगतात. शेतकऱ्याच्या बाजूचे कागद घरोघरी आहेत: आडतीच्या पट्ट्या, करोडगिरीच्या पावत्या, जिनच्या चोपड्या, उर्दू किंवा मोडीत लिहिलेले हिशेब. वाडा पाडताना, माळा साफ करताना हे आधी रद्दीत जाते. आपल्याकडे असे काही असेल तर ते वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे या शहरात अजून आहेत. कागद इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवा, निदान फोटो काढून ठेवा.

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर